एक पेटी आणि पाच संगणक



आपल्या शाळेच्या संगणक खोलीत पाच संगणक आहेत. ते तुम्ही पाहिलेच असतील. पण कोपऱ्यातल्या फळीवर एक काळी पेटीही आहे. ती दिवसभर बारीक घूं घूं आवाज करते. तिचे हिरवे दिवे लुकलुकतात. तिला पडदा नाही आणि टंकायला बटणे पण नाहीत. पालक मेळाव्याला आलेल्या एका काकांनी विचारले, "वर्गणी संगणकाला दिली होती, मग ही पेटी कशापायी आणली?"

काकांचे विचारणे बरोबर आहे. पेटी लोकवर्गणीतून आली आहे. ज्यांनी पैसे दिले त्यांना ती काय काम करते हे कळायलाच पाहिजे. गुरुजी म्हणाले, "तुला समजले आहे ना? मग तूच लिही." म्हणून मी हा लेख लिहिला आहे.

पेटी म्हणजे काय?

या पेटीला 'नॅस' म्हणतात. नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज याचे ते छोटे नाव आहे. जाळ्याला जोडलेला साठा, असा त्याचा अर्थ. पेटीत दोन हार्ड डिस्क आहेत. हार्ड डिस्कमध्ये गोल चकत्या असतात आणि त्या भराभर फिरतात. काही मिनिटाला ५४०० फेरे घेतात, काही ७२०० घेतात. घूं घूं आवाज येतो तो त्यांचाच.

आपण विहिरीचे उदाहरण घेऊ. प्रत्येकाच्या घरी पाण्याचा रांजण असतो. त्यातले पाणी त्या घरचेच. वाडीची विहीर मात्र सगळ्यांची. संगणकाच्या आतली हार्ड डिस्क म्हणजे रांजण, आणि ही पेटी म्हणजे सामायिक विहीर. पाचही संगणक तिच्यातून माहिती घेतात आणि तिच्यात माहिती ठेवतात. फरक एवढाच की विहिरीतले पाणी उपसले की कमी होते. पेटीतली माहिती कितीही जणांनी पाहिली तरी कमी होत नाही.

पेटी नव्हती तेव्हा काय व्हायचे?

आमचा वर्ग पावसाची नोंद ठेवतो. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातले पाणी मोजायचे आणि आकडा संगणकात लिहायचा. ज्या संगणकाला जागा मिळेल त्यावर मुले लिहायची. मग ती नोंद पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकात घालायची. असे करता करता एकाच नोंदवहीच्या तीन प्रती झाल्या. एकाच दिवसाचा पाऊस एका प्रतीत २२ मिलिमीटर आणि दुसऱ्या प्रतीत २७ मिलिमीटर! खरा कोणता? कुणालाच सांगता येईना. पाऊस तर पडून गेला होता. तो परत मोजता येत नाही.

आता पावसाची वही एकच आहे आणि ती पेटीत आहे. कोणत्याही संगणकावर बसा, तीच वही उघडते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आम्ही आपल्या गावातल्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर मुद्रित करून संगणकात ठेवल्या होत्या. पुढे त्या संगणकाची डिस्क बंद पडली. तालुक्याला नेली तरी ती चालू झाली नाही. नशीब की गुरुजींनी ओव्यांची एक प्रत आधीच पेटीत घातली होती. त्या आजींपैकी वरच्या आळीच्या आजी मार्गशीर्षात वारल्या. त्यांचा आवाज आता फक्त शाळेत आहे. तो गेला असता तर दुसऱ्या कुणाकडून आणणार?

जोडणी कशी करतात?

आता मुख्य भाग. संगणक पेटीला कसा जोडायचा ते मी पायरीपायरीने सांगतो. पाचवा संगणक जोडताना मी जवळ उभा होतो. नंतर गुरुजींनी चौथा संगणक माझ्याकडून जोडून घेतला.

पायरी १ : तार.
संगणकापासून एक तार निघते ती 'स्विच' नावाच्या डबीत जाते. पेटीची तारही त्याच डबीत जाते. म्हणजे स्विच हा चौक झाला. सगळे रस्ते तिथे येऊन मिळतात. तारेच्या आत आठ बारीक तारा असतात. त्या दोन-दोनच्या चार जोड्या करून पिळलेल्या असतात. नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी अशा त्या जोड्या. पिळल्यामुळे शेजारच्या तारेची गडबड कमी होते. टोकाला पारदर्शक खटका असतो. तो खोबणीत बसला की 'टक' असा आवाज येतो. टक आवाज आला नाही तर तार बसली नाही असे समजावे. अशी तार एका सलग लांबीत १०० मीटरपर्यंत टाकतात. आपली खोली लहानच आहे, त्यामुळे अडचण नाही.

तार नीट बसली की स्विचवर त्या खोबणीचा दिवा लागतो. दिवा लागला नाही तर पुढच्या पायरीला जाऊ नये. पाया कच्चा असेल तर भिंत कशी उभी राहणार?

पायरी २ : पत्ता.
पोस्टमनला घर सापडायला पत्ता लागतो. तसा जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. आपल्या पेटीचा पत्ता १९२.१६८.१.१० असा आहे. यात चार आकडे असतात आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या मध्ये असतो. आपल्या खोलीत पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे आहेत. ती झाली आळी. शेवटचा आकडा हा घर क्रमांक. एका आळीत एका क्रमांकाची दोन घरे नसावीत, नाहीतर पत्र भलतीकडे जाते.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणून दुसऱ्या गावच्या शाळेतही हेच आकडे असू शकतात. त्याने काही बिघडत नाही. प्रत्येक गावात मारुतीचे देऊळ असते, तसेच ते.

संगणकांना पत्ते राउटर आपोआप वाटतो. आज एक मिळेल, उद्या दुसरा. पेटीचा पत्ता मात्र गुरुजींनी कायमचा ठरवून ठेवला आहे. विहीर रोज जागा बदलू लागली तर पाण्याला जाणार कुठे?

पायरी ३ : हाक मारणे.
पेटी खरोखर भेटते की नाही हे आधी पाहावे. त्यासाठी काळ्या खिडकीत 'पिंग' हा शब्द इंग्रजीत लिहून पुढे पेटीचा पत्ता लिहितात. संगणक पेटीला चार वेळा हाक मारतो आणि पेटी चार वेळा 'ओ' देते. किती वेळात 'ओ' आली तेही दिसते. आमच्याकडे १ मिलिसेकंदाहून कमी लागतो. १ सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे १ मिलिसेकंद. मला तर हे पाहून लई मजा वाटली.

पायरी ४ : कोणता कप्पा?
पेटीत कप्पे आहेत. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, आणि एक 'सर्वांचे'. संगणकाला सांगावे लागते की कोणत्या पेटीतला कोणता कप्पा हवा. त्याची रीत अशी आहे :

\\शाळापेटी\चौथी

सुरुवातीला दोन तिरप्या रेघा, मग पेटीचे नाव, मग एक तिरपी रेघ आणि मग कप्प्याचे नाव. संगणकावर ही नावे इंग्रजी अक्षरांत टंकावी लागतात. रेघ उलटी तिरपी असते, म्हणजे वरून डावीकडून खाली उजवीकडे येणारी. भागाकाराला वापरतात ती दुसरी, तिच्यात फसू नये.

पायरी ५ : अक्षर देणे.
दरवेळी एवढे लांब कोण लिहिणार? म्हणून कप्प्याला एक अक्षर देऊन ठेवतात. 'धिस पीसी' उघडावे. विंडोज ११ असेल तर वरच्या पट्टीतल्या तीन टिंबांवर टिचकी मारावी. जुने विंडोज असेल तर 'धिस पीसी'च्या चित्रावर उंदराचे उजवे बटण दाबावे. तिथे 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' असे येते. त्यात अक्षर निवडावे. आम्ही 'झेड' निवडले. 'ए' आणि 'बी' ही अक्षरे पूर्वी फ्लॉपीसाठी असत आणि 'सी' ही संगणकाची स्वतःची डिस्क. म्हणून जाळ्यातल्या कप्प्याला शेवटची अक्षरे दिलेली बरी, टक्कर होत नाही.

अक्षराखाली कप्प्याचा मार्ग लिहावा. त्याच्या खाली 'रिकनेक्ट ॲट साइन-इन' अशी चौकट असते. तिच्यात खूण करावी. मग संगणक बंद करून परत चालू केला तरी जोडणी राहते.

पायरी ६ : नाव आणि परवलीचा शब्द.
शेवटी पेटी विचारते, "कोण आहे?" मग आपल्या वर्गाचे नाव आणि परवलीचा शब्द द्यायचा. तो बरोबर असेल तर कप्पा उघडतो. झाली जोडणी! आता 'झेड'वर टिचकी मारली की चौथीचा कप्पा समोर येतो. वाटते की तो याच संगणकात आहे, पण खरे म्हणजे तो कोपऱ्यातल्या पेटीत आहे.

यासाठी इंटरनेट लागत नाही, हे पालकांनी लक्षात घ्यावे. आपल्या गावात रेंज जाते, तरी पेटी चालते. तिचे सगळे काम खोलीतल्या खोलीत असते.

कुलूप कशाला?

सुरुवातीला पेटीला वर्गवारी नव्हती. सगळ्यांना सगळे उघडायचे, लिहायचे आणि पुसायचे. मग एके दिवशी तिसरीच्या मुलांची ३८ चित्रे नाहीशी झाली. कुणी पुसली ते कळले नाही. तिसरीची मुले रडली. जाळ्यावरून पुसलेली फाइल बहुतेक वेळा संगणकाच्या कचराटोपलीत जात नाही, ती सरळ जाते. हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते.

तेव्हापासून परवानग्या ठरल्या. परवानगी दोन प्रकारची असते. एक वाचायची आणि दुसरी लिहायची. ज्याला लिहायची परवानगी त्यालाच पुसता येते. आता चौथीच्या कप्प्यात चौथीच लिहिते, बाकीचे वर्ग फक्त वाचतात. ओव्यांच्या कप्प्यात लिहिण्याची परवानगी फक्त गुरुजी आणि बाईंना आहे. ऐकण्याची परवानगी सर्वांना आहे, पहिलीच्या पोरांनासुद्धा.

काही मुले म्हणाली, "आमच्यावर विश्वास नाही का?" मला वाटते की हा विश्वासाचा प्रश्न नाही. वाडीच्या विहिरीचे पाणी सगळे भरतात, पण म्हणून कुणी तिच्यात म्हैस धूत नाही. सामायिक वस्तूला नियम जास्त लागतो, कारण एकाच्या हातून बिघडली तर सगळ्यांची बिघडते.

परवलीचा शब्द मित्रालाही सांगू नये. फळ्यावर तर मुळीच लिहू नये.

अडले तर काय करावे?

(१) 'झेड'वर लाल फुली दिसली तर घाबरू नये. वीज येते तेव्हा संगणक लवकर उठतो आणि पेटीला उठायला वेळ लागतो. पेटी जागी झाली की 'झेड'वर टिचकी मारावी. बहुतेक वेळा फुली जाते.

(२) पेटी सापडत नाही असे आले तर आधी तार पाहावी, मग स्विचचा दिवा, मग नावाची अक्षरे, आणि मग 'पिंग' करावे. हा क्रम सोडू नये.

(३) तिसरी आणि चौथी एकच संगणक वापरतात. तिसरीच्या नावाने जोडलेले असताना चौथीच्या नावाने जोडू गेले तर विंडोज नकार देते. एका वेळी एका पेटीला एकाच नावाने जोडता येते. म्हणून आधीची जोडणी तोडावी, साइन आउट करावे आणि मग आपल्या नावाने जोडावे. आमच्या वर्गाचा यात अर्धा तास गेला होता.

(४) फाइल उशिरा येते असे वाटले तर गणित करून पाहावे. आपला स्विच सेकंदाला १०० मेगाबिटचा आहे. ८ बिट म्हणजे १ बाइट. १०० ला ८ ने भागले की १२.५ येतात. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट. ७०० मेगाबाइटचा चित्रपट यायला ७०० भागिले १२.५ म्हणजे ५६ सेकंद लागणार. प्रत्यक्षात थोडे जास्तच लागतात. पाचही जण एकदम चित्रपट पाहू लागले तर पेटीच्या एका तारेवर सगळ्यांची गर्दी होते. म्हणून पाळी लावावी.

पेटीत मावते तरी किती?

आपल्या पेटीत २ टेराबाइटच्या दोन डिस्क आहेत. मग ४ टेराबाइट मावायला हवे. पण मावते २ च! कारण जे एका डिस्कवर लिहिले जाते तेच दुसरीवरही लिहिले जाते. आरशात दिसते तसे. याला 'रेड १' म्हणतात. एक डिस्क बिघडली तरी दुसरीवर सगळे शिल्लक असते.

१ टेराबाइट म्हणजे १००० गीगाबाइट आणि १ गीगाबाइट म्हणजे १००० मेगाबाइट. मोबाइलचा एक फोटो ३ मेगाबाइटचा धरला तर २ टेराबाइटमध्ये ६ लाखांहून जास्त फोटो बसतील. आपल्या गावातल्या सगळ्यांचे फोटो रोज काढले तरी लवकर भरणार नाही.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. आरसा म्हणजे राखीव प्रत नव्हे. एका डिस्कवरून फाइल पुसली की त्याच क्षणी दुसरीवरूनही पुसली जाते. तिसरीची चित्रे अशीच गेली. दोन डिस्क असून काय उपयोग झाला? म्हणून आता दर शनिवारी गुरुजी सगळे एका वेगळ्या डिस्कवर उतरवतात आणि ती डिस्क पेटीपासून काढून लोखंडी कपाटात ठेवतात. शेतकरी बियाणे वेगळे काढून ठेवतो. खायच्या धान्यात मिसळत नाही. तसेच हे.

ही कल्पना कुणाची?

दुसऱ्या संगणकावरच्या फाइल आपल्याच असल्यासारख्या वापरायच्या, यासाठी दोघांची भाषा एक लागते. विंडोजच्या या भाषेला 'एसएमबी' म्हणतात. ती आयबीएम कंपनीत बॅरी फायगेनबॉम यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तयार केली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये 'एनएफएस' नावाची दुसरी भाषा केली.

पुढे ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने एसएमबी बोलणारा वेगळा प्रोग्राम लिहिला आणि १९९२ मध्ये तो सर्वांना दिला. त्याला नाव हवे होते. त्यांनी संगणकातल्या शब्दांच्या यादीत एस, एम आणि बी ही अक्षरे या क्रमाने येणारे शब्द शोधले. त्यात 'सांबा' हा शब्द सापडला. सांबा हा ब्राझील देशातला नाच आहे. हा प्रोग्राम फुकट मिळतो आणि अशा पुष्कळ पेट्यांमध्ये तोच चालतो.

या भाषेचा जुना प्रकार आता वापरू नये. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. तो फाइलना कुलूप लावायचा आणि कुलूप उघडायला पैसे मागायचा. एसएमबीच्या पहिल्या प्रकारात एक फट होती, तिच्यातून तो एका संगणकातून दुसऱ्यात शिरायचा. इंग्लंडमधल्या दवाखान्यांचीसुद्धा कामे अडली. मायक्रोसॉफ्टने ती फट बुजवण्याची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती वेळेवर घातली नाही त्यांच्यात तो शिरू शकला. म्हणून संगणक "अद्ययावत करू का?" असे विचारतो तेव्हा नाही म्हणू नये, गुरुजींना बोलवावे.

हे लक्षात ठेवा

पेटीची वीज एकदम काढू नये. आधी ती नीट बंद करावी. चकत्या फिरत असताना पेटी हलवू नये. पेटीवर दप्तर, ओली छत्री किंवा पाण्याची बाटली ठेवू नये. तारेवर पाय देऊ नये. दुसऱ्या वर्गाच्या कामाचा मान ठेवावा.

पालकांनो, शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक खोली उघडी असते. त्या वेळी या. 'सर्वांचे' या कप्प्यात पावसाची वही आहे. तुमच्या शेतावर कोणत्या दिवशी किती पाऊस झाला असेल याचा अंदाज तिच्यावरून येईल. ओव्यांचा कप्पाही आम्ही उघडून देऊ. त्यात अजून खालच्या आळीच्या एकाही आजींचा आवाज नाही. ज्यांच्या घरी ओव्या येणाऱ्या आजी असतील त्यांनी आम्हाला सांगावे. आम्ही मोबाइल घेऊन घरी येऊ. पेटीत जागा भरपूर आहे.

एवढे सांगून मी माझा लेख पुरा करतो.

— इयत्ता ४ थी, हजेरी क्रमांक ११